गुडघ्याचा खटला

मराठी भाषेने गुडघ्यास आजवर न्याय दिलेला नाही. ज्याची बुद्धी मंद त्याची अक्कल गुडघ्यात, जो शरण गेला त्याने गुडघे टेकले, आणि लग्नाच्या उतावळ्याने बाशिंगही तेथेच बांधले! आमचे कोंकणी स्नेही त्याच अवयवाला दिंबी म्हणतात. शब्द बदलला, भार मात्र बदलला नाही. आपल्या आचारधर्मातील किती गोष्टी या एका सांध्यावर उभ्या आहेत ह्याचा विचार केला म्हणजे ही थट्टा कृतघ्नपणाची वाटू लागते. साष्टांग नमस्काराच्या आठ अंगांत जानूंची गणना आहे. पाटावर मांडी घालून करावयाची पूजा, उकिडवे बसून काढावयाची रांगोळी, वाकून वाढावयाची पंगत, उत्सवातील प्रदक्षिणा आणि यात्रेतील पायऱ्या हे सारे निमूटपणे पार पाडून साठी-सत्तरीत हा सांधा कुरकुरू लागतो. मग काही दिवस तेल, काही दिवस शेक, आणि अखेरीस शस्त्रक्रिया.

आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते शस्त्रक्रियेविषयी तितकेसे नव्हे, तर तिच्यानंतरच्या आठवड्यांविषयी. दुखऱ्या व सुजलेल्या गुडघ्यास स्वस्थ पडू द्यावे की हलवावे, हा वैद्यकातील एक जुना खटला आहे. दोन्ही पक्षांकडून नामांकित माणसे उभी राहिली, पुरावे झाले, निकाल फिरले. आमचा पेशा वकिलीचा, त्यामुळे खटला दिसला की कागद चाळण्याचा मोह आवरत नाही. परंतु येथे मोहापेक्षा गरज अधिक आहे. ज्या भोपाळात आम्ही राहतो तेथल्या मराठी घरांत हा खटला आजही रोज चालतो, आणि पुष्कळ वेळा चुकीच्या बाजूने निकालात निघतो.

भोपाळ म्हटले की मराठी वाचकास पहिल्या बाजीरावाने १७३७ साली निजामावर केलेली मात आठवते. येथल्या आजच्या मराठी वस्तीचा इतिहास मात्र तलवारीचा नसून फायलींचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले व भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असलेले नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात गेले. सचिवालयाची दप्तरे इकडे आली, तशी ती सांभाळणारी माणसेही आली. नागपुराहून लेखनिक व अधीक्षक आले, इंदूर-ग्वाल्हेरकडून शिक्षक व अधिकारी आले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने यंत्रज्ञ आणले. ज्या वसाहतीत ह्यांपैकी अनेकांस सरकारी घरे मिळाली तिला तात्या टोपे ह्यांचे नाव असावे हा योगायोग मोठा गोड होय. शहर टेकड्यांचे, श्यामला, ईदगाह, अरेरा, जिकडे जावे तिकडे चढ अथवा उतार. १९५६ साली पंचवीस वर्षांचा असलेला तरुण ह्या चढउतारांवर पायी व सायकलीने आयुष्य काढून २००१ साली सत्तरीस पोहोचला, आणि नेमक्या त्याच सुमारास गुडघेबदलाची शस्त्रक्रिया आपल्या देशात सर्वांच्या तोंडी झाली.

ती तोंडी होण्याचे कारण सर्वविदित आहे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या डाव्या गुडघ्यावर १० ऑक्टोबर २००० रोजी आणि उजव्या गुडघ्यावर ७ जून २००१ रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. वाजपेयी ग्वाल्हेरचे, १९९१ साली भोपाळशेजारच्या विदिशा मतदारसंघातूनही ते निवडून आले होते, तेव्हा इकडच्या लोकांस ही घरचीच बातमी होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चित्तरंजन राणावत हे इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे न्यूयॉर्क येथे त्यांनी नाव कमावले व २००१ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, जुलै २००१ मध्ये, पंतप्रधान आग्र्यास पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांशी बोलणी करीत होते. लोकांनी त्यांचे सावकाश, मोजून टाकलेले पाऊल पाहिले आणि दोन निरनिराळे अर्थ काढले. कोणी म्हणाले, पाहा, पाच आठवड्यांत माणूस उभा राहिला! कोणी म्हणाले, पाहा, एवढा मोठा डॉक्टर आणूनही चाल सुधारली नाही! दोन्ही पक्षांचा समज अर्धवट होता, कारण पाचव्या आठवड्यातील गुडघा हा अद्याप बरा होऊ लागलेला गुडघा असतो, बरा झालेला नव्हे.

शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर तो हस्तिदंतापासून सुरू होतो. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक ह्या शल्यविशारदाने क्षयाने कुजलेल्या गुडघ्याच्या जागी हस्तिदंती बिजागरी बसविली. जंतुदोषापुढे तिचा टिकाव लागला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला धातूच्या बिजागऱ्या आल्या, पण मानवी गुडघा दाराप्रमाणे एकाच खिळीवर फिरत नाही. तो वाकताना घरंगळतो आणि सरकतोही. हे ओळखून इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे फ्रँक गन्स्टन ह्या कॅनडाच्या डॉक्टराने १९६८ मध्ये निराळी रचना केली, आणि १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, राणावत व त्यांचे सहकारी ह्यांनी जी रचना वापरात आणली तिच्यावरच आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे आधारलेले आहेत. नावाने 'गुडघा बदलणे' म्हटले तरी सबंध गुडघा कोणी काढून टाकीत नाही. हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे आवरण चढवितात व मध्ये कठीण प्लास्टिकची गादी बसवितात. स्नायू, बंध, कातडी ही जुनीच राहतात. कारागिराने चाक नवे बसविले, बैल तोच. वेदना आणि सूज ह्यांचे मूळ येथे आहे, कारण कापलेल्या हाडातून रक्त झिरपते, सांध्याचे अस्तर पाणी सोडते, आणि जखम भरून काढण्यासाठी शरीर आपली सारी फौज त्या एका जागी पाठविते.

आता खटला. विश्रांतीच्या पक्षाचा पहिला मोठा वकील म्हणजे लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयाचा जॉन हिल्टन. १८६० ते १८६२ ह्या काळात त्याने दिलेली व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्याचे प्रतिपादन असे की वेदना ही निसर्गाने दिलेली मनाई आहे. दुखणारा भाग हलवू नये हेच ती सांगते. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस त्याच्याही पुढे गेला. तो हाडे बसविणाऱ्यांच्या वेल्श घराण्यातला. सांध्याचा रोग असेल तर त्यास सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी असा त्याचा आग्रह. पाय जखडून ठेवण्यासाठी त्याने तयार केलेल्या चौकटीने पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले, आणि आजही रुग्णवाहिकेत ती दिसते. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांच्या काळात ह्या पक्षाचे म्हणणे खरे होते, ही गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे.

विरुद्ध पक्षात पॅरिसचा ल्यूका-शांपिओन्येर होता. अस्थिभंगातही योग्य वेळी सुरू केलेली हालचाल व मर्दन हितकर होते असे तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगत होता, आणि बहुतेकांनी त्यास वेड्यात काढले. परंतु हालचालीच्या बाजूने सर्वांत जुना साक्षीदार आपल्या घरातला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तळहाताच्या अस्थिभंगावर उपचार सांगताना रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, मग सैंधवाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असा क्रम दिला आहे. भार हळूहळू वाढवीत नेण्याचे हे तत्त्व आजच्या फिजिओथेरपीच्या कोणत्याही तज्ज्ञास आपले वाटेल. त्याच संहितेत गुडघ्याच्या सुजेचे नावही मोठे चित्रमय आहे. वात व रक्त बिघडून सांधा फुगतो त्यास क्रोष्टुकशीर्ष म्हटले आहे, म्हणजे कोल्ह्याचे डोके. मांडी व पोटरी बारीक, मध्ये गुडघा मोठा. ज्याने सुजलेला गुडघा पाहिला आहे त्यास ह्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मांडी बारीक का दिसते ह्यातच खटल्याची किल्ली होती, आणि ती विसाव्या शतकात सापडली. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निरोगी गुडघ्यात द्रव भरून पाहिले, तेव्हा सांधा जसजसा फुगला तसतसा मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडला. म्हणजे सूज ही केवळ दुखण्याची खूण नव्हे. ती मज्जातंतूंच्या वाटेने निरोप पाठवून स्नायूचे बळ काढून घेते. बळ गेले की पाय सरळ होत नाही, पाय सरळ झाला नाही की चालणे लंगडे होते, लंगडे चालण्याने पुन्हा सूज वाढते. ह्या पुराव्यापुढे दोन्ही पक्षांचा निम्मा दावा खरा ठरतो. सूज उतरविण्यासाठी पाय उंच ठेवून पडावे लागते, आणि स्नायू जागा ठेवण्यासाठी तोच पाय हलवावा लागतो. हालचालीच्या पक्षानेही पुढे अतिरेक केला. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर ह्यांनी सशांवर प्रयोग करून सतत चाळविलेल्या सांध्याची कूर्चा चांगली भरून येते असे दाखविले. त्यावरून रोग्याचा पाय तासन्‌तास आपोआप हलविणारी यंत्रे निघाली. गुडघेबदलानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या असता त्या यंत्रांचा फायदा अगदी अल्प दिसला. यंत्राने हलविलेला पाय आणि माणसाने स्वतः हलविलेला पाय ह्यांत अंतर आहे. पहिल्यात स्नायू झोपलेलाच राहतो.

ह्या निकालाची आमच्या घरांत अंमलबजावणी कशी होते ते पाहण्याजोगे आहे. आजोबा रुग्णालयातून येतात. तेथे त्यांस पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभे केलेले असते. घरी आल्याबरोबर माया आड येते. सून पाणी हातात आणून देते, नातू चष्मा आणून देतो, बहीण फोनवरून सांगते की बाबा रे, आता महिनाभर हलू नकोस. गुडघ्याखाली मऊ उशी सरकविली जाते, कारण वाकलेला गुडघा कमी दुखतो. ही उशी फार घातक. गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडू लागतो व पुढे सरळ होत नाही. उशी ठेवावयाची तर ती घोट्याखाली ठेवावी, म्हणजे पाय उंचही राहतो आणि गुडघा आपल्या वजनाने सरळही होतो. आणि झोपून पाय छातीच्या पातळीहून वर यावा, खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय पुरेसा उंच होत नाही. पाऊल वरखाली हलवीत राहावे, त्याने पोटरीचा पंप चालू राहतो. बर्फ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, उघड्या कातडीवर नव्हे. व्यायामाच्या थोडे अगोदर गोळी घ्यावी, दुखून कळवळल्यानंतर नव्हे. व्यायामानंतर ठणका वाढणारच. पण तो रात्रभर टिकला व दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर मात्रा जास्त झाली असे समजून थोडे कमी करावे, सोडून देऊ नये.

आंबेहळदीचा लेप, निर्गुंडीचा शेक, वाळूची पोटळी हे आपले घरगुती उपाय जुन्या संधिवातात ज्यांस मानवतात त्यांनी खुशाल करावेत, परंतु ताज्या शस्त्रक्रियेवर ते नकोत. टाक्यांवर लेप म्हणजे जंतूंस आमंत्रण. पोटरी दुखते म्हणून जोराने रगडणे तर अनर्थकारक, कारण तेथे रक्ताची गाठ झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजून ताठरली, धाप लागली, छातीत दुखले, ताप चढला, जखमेतून पाणी अथवा पू आला, तर घरच्या उपायांत एक तासही न घालविता डॉक्टरांकडे जावे. ह्याउलट पहिल्या आठवड्यात सूज वाढत जाणे, निळसर डाग मांडीवरून घोट्यापर्यंत उतरणे, वाटीच्या बाहेरच्या अंगास बधिरपणा, आणि गुडघा कित्येक महिने हाताला ऊन लागणे, ह्या गोष्टी भीतीच्या नव्हेत. दोन-तीन महिने, काहींच्या बाबतीत सहा महिनेही, संध्याकाळी पाय जड होतो. ज्याला हे अगोदर सांगितलेले नसते तो सहाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया फसली असे ठरवून अंथरूण धरतो, आणि मग खरोखरच गुडघा आखडतो.

वेदनेच्या औषधांची कथा तर आमच्या माळव्याच्याच मातीतली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत झेर्ट्युर्नर नावाच्या औषधविक्याच्या साहाय्यकाने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. त्याच काळात शिंदे, होळकर व भोपाळ संस्थानच्या मुलुखांत पिकणारी माळव्याची अफू कंपनी सरकारची नजर चुकवून कराचीमार्गे दमणला व तेथून चीनला जात असे. ह्या व्यापारात रोजेरिओ द फारिया ह्यांच्यासारखे गोमंतकीय व्यापारीही होते. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला तेव्हा ती वाट बंद झाली. आजही मंदसौर-नीमच भागात परवान्याने अफू पिकते आणि नीमचला केंद्र सरकारचा कारखाना तिच्यातून औषधी द्रव्ये काढतो. असे असूनही ह्याच देशातील रोग्यांस मॉर्फिन मिळणे दीर्घकाळ दुरापास्त होते. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा कडक होता. परवाने अनेक, शिक्षा भारी, तेव्हा रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. वेदनाग्रस्त कर्करोगी त्यात सर्वाधिक भरडले गेले. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक मादक औषधांचा निराळा वर्ग करून देशभर एकच नियम लावला. कायदा करताना चोराकडेच पाहिले म्हणजे आजाऱ्याकडे पाठ होते, ह्याचे हे उदाहरण आम्ही आमच्या तरुण सहकाऱ्यांस नेहमी देतो.

गुडघ्यापुरते बोलावयाचे तर आज मॉर्फिनच्या जातीची औषधे पहिल्या काही दिवसांपुरती व बेताने देतात. ग्लानी, मळमळ आणि बद्धकोष्ठ हे त्यांचे दंड आहेत, आणि ज्यास उकिडवे बसता येत नाही त्यास शेवटचा दंड फार जाचतो. मुख्य भिस्त असते ती पॅरासिटामॉल, मूत्रपिंड व जठर सांभाळून दिलेली सूज उतरविणारी गोळी, आणि मांडीतील मज्जातंतूजवळ टोचलेले बधिर करणारे औषध ह्यांच्यावर. कमरेत सुई टोचून खालचे अंग बधिर करण्याची युक्ती जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीर ह्याने १८९८ मध्ये प्रथम वापरली. पुढे त्याने आपल्या साहाय्यकावर प्रयोग करताना त्याच्या नडगीवर हातोडा मारून पाहिला. त्या वेळी काही जाणवले नाही, पण दुसऱ्या दिवशी साहाय्यकाच्या पायावर काळेनिळे वण होते! शस्त्रक्रियेच्या दिवशी 'मला तर काहीच दुखत नाही' असे आनंदाने सांगणाऱ्या आजोबांनी हा हातोडा लक्षात ठेवावा.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. परदेशांत झालेल्या अनेक पाहण्यांवरून दिसते की गुडघा बदललेल्या पाच जणांपैकी सुमारे एक जण दीर्घकाळानंतरही पूर्ण समाधानी नसतो, आणि काहींची वेदना टिकून राहते. बहुसंख्यांस लाभ होतो हे खरे. तरीही हा पाचवा माणूस जाहिरातीत कधी दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली ह्यांच्या प्रकरणात सांगितले आहे की संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, धोके व पर्याय ह्यांची पुरेशी माहिती रोग्यास दिली पाहिजे. आमच्या मते त्या माहितीत पहिल्या तीन महिन्यांच्या वेदनेचे व सुजेचे वर्णन आलेच पाहिजे. सहीच्या कागदावर छापील ओळी पुष्कळ असतात. रोगी त्या वाचीत नाही आणि त्यास कोणी वाचून दाखवीत नाही. खर्चाच्या बाबतीत मात्र सरकारने एक ठोस पाऊल उचलले. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीस मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वसाधारण संचाची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली, जो पूर्वी दीड लाखाच्या वर विकला जात असे. पुढे त्या आदेशाची मुदत वाढविण्यात आली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आमच्या तात्या टोपे नगरातील पिढीस हा मोठा दिलासा ठरला.

राहता राहिला देवदर्शनाचा प्रश्न, जो आम्हांस वारंवार विचारला जातो. जमिनीवर मांडी घालणे व साष्टांग घालणे ह्याविषयी आपल्या शल्यविशारदाचा सल्ला घ्यावा. बहुधा ते खुर्चीची शिफारस करतात. उत्सवाच्या दिवशी भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्यांवर बसून आरती म्हणणाऱ्यांस हल्ली कोणी हसत नाही. पायऱ्यांचे भय मात्र पुष्कळांच्या मनात बसते, आणि भोपाळात देऊळ म्हणजे बहुधा टेकडीवरचे. त्यासाठी फिजिओथेरपीचे तज्ज्ञ जो नियम शिकवितात तो सोपा आहे. कठड्यास धरावे, एका वेळी एकच पायरी घ्यावी. चढताना धडका पाय प्रथम वर टाकावा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय प्रथम खाली. दोन्ही गुडघे बदलले असतील तर ज्यात अधिक बळ असेल तो धडका समजावा.